जिन्यातली गादी

मनुबाईचं माहेर पाण्याखाली गेलेलं होतं. पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात तिच्या बापाचं कौलारू घर आणि उतारावरची थोडी वावरं होती. धरण झालं, पाणी चढत आलं, आणि लोकांनी घरांच्या चौकटी उपसून बैलगाड्यांत घातल्या. मनुबाई तेव्हा सासरी होती, सांगलीजवळ, माधवनगरच्या पलीकडं, एका ऊसवाल्या घरात. बाकीच्या बायका सासरी बिनसलं की माहेरी जाऊन बसत, कुणीतरी समजूत काढायला येई, मग मान राखून परत येत. मनुबाईला रागावून जायला जागाच उरली नव्हती. त्यामुळं तिचा राग घरातच राहायचा. तिच्याबरोबर झोपायचा, तिच्याबरोबर उठायचा.

नवरा जोतिबा पलटणीत होता. वर्षातनं एकदा रजेवर यायचा, तोही निम्मा वेळ गावात हिंडण्यात घालवायचा. घराचा कारभार थोरले दीर आप्पासो यांच्याकडं, आणि चुलीपासून कणगीपर्यंतचा कारभार त्यांच्या बायकोकडं, शालूबाईकडं. मनुबाई तिला अक्का म्हणायची. थोरल्या जावेला अक्का म्हणायचं असतं म्हणून म्हणायची, त्यात माया नव्हती.

शालूबाई कुणाचं चोरून खाणारी बाई नव्हती, कुणाच्या पाठीमागं बोलणारीही नव्हती. जे बोलायचं ते तोंडावर, आणि असं की ऐकणाऱ्याला ते आठवडाभर पुरावं. तुपाचा डबा कुलपात. गूळ मोजून. धाकटीला चोळीबांगडी करायची तर आधी चार बायकांसमोर सांगून मग करायची. हे सगळं मनुबाईनं गिळलं असतं, कारण असं सगळ्याच घरांत चालायचं. पण एक गोष्ट तिच्या गळ्याखाली उतरली नाही.

गाव उठलं त्या वर्षी तिचा बाप लेकीला भेटायला आला होता. सरकारनं दिलेल्या नव्या जमिनीकडं निघालेला, खांद्यावर गाठोडं, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. शालूबाईनं त्याला सोप्यात बसू दिलं नाही. गोठ्याच्या कडेला पाट टाकला आणि आदल्या दिवसाची भाकरी वाढली. वर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की, धरणानं हाकललेल्यांची रीघ लागली तर आमी किती जनांस्नी पुरं पडायचं. म्हाताऱ्यानं भाकरी खाल्ली, हात जोडले आणि तो उठला. लेकीच्या घरी परत कधी आला नाही. पुढं दोनेक वर्षांत तिकडं नव्या जागी वारला. मनुबाई त्या दिवशी काही बोलली नव्हती. आपण बोललो नाही याचाच तिला पुढं जास्त राग यायचा.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत शालूबाईच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी न्हाणीतनं बाहेर येताना पडली ती उठलीच नाही. उजवं अंग पार लुळं पडलं, जीभ जड झाली. डोकं मात्र होतं तसं शाबूत. मिरजेचे डॉक्टर येऊन पाहून गेले. आता ह्या अंथरुणावरच राहतील, म्हणाले. पाठीला जखमा व्हायच्या नसतील तर जाड गादी करा आणि दिवसातनं चार वेळा कूस बदला. मग पिंजारी अंगणात येऊन बसला, माधवनगरच्या गिरणीचं पट्ट्यापट्ट्याचं कापड आणलं आणि अशी दणदणीत गादी झाली की दोन गड्यांनी धरून आत न्यावी लागली. सोप्याला लागूनच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली ती टाकली. शालूबाई तिथनं अंगण बघायची, वाटेनं जाणारं माणूस बघायची, आणि काही हवं असलं की डाव्या हातानं तांब्या जमिनीवर आपटायची.

तांब्या वाजला की मनुबाईनं जायचं. दुसरं होतं कोण? शालूबाईची लेक मिरजेला दिलेली, मुलगा सांगलीत विश्रामबागेला खोली घेऊन कॉलेज शिकायचा आणि रविवारी येऊन आईच्या उशाशी घटकाभर बसून जायचा. मनुबाईची पोरगी तासगावकडं नांदत होती. तेव्हा अंग पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं, घाण काढणं, सगळं मनुबाईवर आलं. तिनं ते केलं, पण हसून केलं नाही. तांब्या खाली ठेवताना आपटून ठेवायची, चादर ओढताना झटकून ओढायची. शालूबाईही गप्प बसणारी नव्हती. जड जिभेनं, अर्धे शब्द गिळत, पेज पाणचट झालीया म्हणून सांगायचीच. दोघी असं धुसफुसतच दिवस ढकलत होत्या.

फाल्गुनात सोसायटीची निवडणूक लागली आणि आप्पासोंनी चेअरमन व्हायचं मनावर घेतलं. मग घरात माणसांची ये-जा सुरू झाली. चहाची आधणं उतरेनात. सोप्यात जागा पुरेना, आणि पुरली तरी शेजारच्या खोलीतनं तांब्या वाजायचा, औषधाचा आणि आजारपणाचा वास यायचा. एका सकाळी आप्पासोंनी हरिबा गड्याला मनुबाईपर्यंत निरोप घेऊन धाडलं. लालासाहेब आज स्वतः येणार आहेत. त्यांच्या शब्दावर आसपासच्या गावांतली मतं फिरतात. तेव्हा खालची खोली रिकामी करायची, तिथं बैठक घालायची. अक्कांना माडीवर हलवायचं. वर हवा चांगली असते.

ऐकल्याबरोबर मनुबाईला काय वाटलं, तर बरं वाटलं. हे खोटं कशाला सांगा? माझ्या बापाला गोठ्याकडंला बसवलंस ना, आता बस तूही एका बाजूला, असं तिच्या मनात आलं आणि ती चटाचटा कामाला लागली. खोलीत जाऊन तिनं शालूबाईला काखेत हात घालून गादीवरनं ओढून खाली घोंगड्यावर निजवलं. काय चाललंय ते शालूबाईला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं तेव्हा मनुबाई म्हणाली, "माडीवर जायाचं हाय तुमाला. कारभाऱ्यांनी सांगितलंया."

शालूबाईनं छताकडं बघितलं. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "म्हंजी आता खाली यायचं न्हाई म्हना की."

मनुबाई गादी गुंडाळायला लागली.

गडी सगळे उसाच्या तोडीवर. हरिबाला पाहुण्यांच्या वाटेवर उभं केलेलं. घरात उरले आप्पासो आणि मनुबाई. आप्पासोंनी परीटघडीचं धोतर नेसलेलं, पण वेळ भरत आली होती. वर जाऊन ओढायचं त्यांनी कबूल केलं, खालनं मनुबाईनं रेटायचं ठरलं. गादी दुमडून काथ्याच्या दोरीनं बांधली.

माडीचा जिना म्हणजे आप्पासोंच्याच कारभाराचा नमुना. तीन वर्षांमागं माडी चढवली तेव्हा खताच्या पोत्यांना जागा पाहिजे म्हणून त्यांनी जिन्याची जागा कापली. दोन भिंतींमध्ये एक अंधारी फट, मध्येच काटकोनात वळलेली. धुळा सुतारानं तेव्हाच नाराजी दाखवली होती. धडधाकट माणसालाही भिंतीला हात लावूनच चढावं लागायचं.

मनुबाईनं गादीला डोकं आणि खांदा लावला आणि रेटा दिला. नवा कापूस, त्यात दमटपणा. गादी मेलेल्या रेडकासारखी जड होती. पायरी पायरी करत ती वर सरकली. तोंडाला कापड घासत होतं, नाकात त्याचा वास जात होता. तो शालूबाईच्या अंगाचा वास होता, तेलाचा, घामाचा, आणि मनुबाईनं सकाळीच लावलेल्या पावडरीचा. वरनं आप्पासो हुकूम सोडत होते: जोर लावा, डावीकडं घ्या, तसं न्हवं. वीस वर्षांत मनुबाई त्यांच्याशी समोरासमोर बोलली नव्हती. काही सांगायचं तर दाराआडून, डोईवरचा पदर ओढून, कुणाच्या तरी मार्फत. आत्ताही ती गप्पच होती. पण वळणाशी गादी थटली तेव्हा तिला राहवलं नाही, आणि जणू गादीलाच विचारावं तसं ती म्हणाली, "वरनं तांब्या वाजवला तर खाली कसा ऐकू याचा?"

वरनं आप्पासो म्हणाले, "न्हाई आला तर बरंच की. तुमालाबी जरा इसावा."

ते चेष्टेनं बोलले. त्यांच्या आवाजात हसूही होतं. आपण मनुबाईवर दयाच केली, असं त्यांना वाटलं असणार. पण मनुबाईच्या अंगात एकदम काहीतरी पेटलं. शालूबाई वर पडली असेल, घोट पाण्यासाठी तांब्या आपटत असेल, आणि खाली चहा चालला असेल, पान-सुपारी चालली असेल, कुणालाच ऐकू येणार नाही, आणि हे ह्या माणसानं आधीच हिशेबात धरलंय. ह्याच्या दोन पोरांची आई. ह्याची कणगी, ह्याच्या म्हशी, ह्याचं नाव जिनं सांभाळलं ती. आणि सकाळी आपण खुशीनं कामाला लागलो, ह्या माणसाच्या हाताखाली, आपला जुना राग भागवायला. तो राग ह्यानं बरोबर वापरून घेतला. त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

आप्पासोंनी वरनं हिसका दिला. काथ्याची गाठ सुटली. दुमडलेली गादी वळणात फसकन उलगडली आणि दोन्ही भिंतींना अशी गच्च बसली की उजेडसुद्धा बंद झाला.

"खालनं ओढा," आप्पासो म्हणाले.

मनुबाईनं हात काढून घेतला. ती पायऱ्या उतरली, पदरानं तोंड पुसलं आणि खोलीत आली.

शालूबाई घोंगड्यावर एका अंगावर कलंडली होती. मनुबाईनं तिला सरळ केलं, डोक्याखाली वाकळेची घडी दिली. आणि मग तिच्यासमोर बसून, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बोलली.

"माझ्या बाला तुमी शिळी भाकरी घातलीसा. गोठ्यात बसवून."

शालूबाईनं नजर चुकवली नाही. "घातली," ती म्हणाली. मग परत म्हणाली, "व्हय. घातली."

चुकलं म्हणाली नाही. रडलीही नाही. मनुबाईला वाटलं होतं, हे बोललं की काळीज हलकं होईल. तसं काही झालं नाही. पण निदान ती गोष्ट दोघींच्या मध्ये उघडी पडली होती, आणि तिची आणि ह्या गादीची सांगड घालायचं आता कारण नव्हतं. बापाचा राग बापाचा. हा राग वेगळा.

वरनं आप्पासो हाका मारत होते. आधी दमात, मग चढ्या आवाजात, मग लाथा मारल्याचे आवाज. लाथेनं गादी आणखीच आत बसत होती. मनुबाई जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. डोईवरचा पदर खांद्यावर आला होता, तो तिनं तसाच राहू दिला.

"मी ओढनार न्हाई," ती वर बघून म्हणाली. "अक्का खालीच ऱ्हातील. ज्येंच्या पायात जोर हाय त्येनी वर जाऊन बसावं. तुमी आनि तुमचं पावनं."

वरच्या लाथा थांबल्या. धाकट्या भावाची बायको आपल्याशी तोंडाला तोंड देऊन बोलली हे आप्पासोंच्या ध्यानात यायला तेवढा वेळ लागला. मग ते जे बोलले ते गादीतनं गाळून खाली आलं, पण त्यातलं माहेराविषयीचं वाक्य मनुबाईला स्पष्ट ऐकू आलं. पाण्यात बुडालेल्या गावची, असं काहीतरी.

तेवढ्यात अंगणात जीप थांबली. लालासाहेब उतरले, बरोबर चार-पाच मंडळी, मागनं धापा टाकत हरिबा. मनुबाई दारात आली. अशा वेळी बाईमाणसानं आत जायचं असतं, पण तिच्याऐवजी बोलायला घरात दुसरं कोणी नव्हतं आणि आत जायची तिची इच्छाही नव्हती. लालासाहेबांनी आप्पा कुठं आहेत म्हणून विचारलं.

"वर हायत," मनुबाई म्हणाली. "जिन्यात गादी अडाकलीया. त्यास्नी खाली येता येत न्हाई."

"गादी कशाची?"

"अक्कांची. अंगावरनं वारं गेलंया त्येंच्या. तुमाला बसायला खोली पायजे म्हनून त्यास्नी माडीवर टाकायचं चाललंया."

ती मोठ्यानं बोलली नाही. लालासाहेब म्हातारा माणूस, डोक्याला पटका, आयुष्य राजकारणात गेलेलं. ह्या बाईच्या बोलण्यात आपणही धरले गेलोय हे त्यांना कळलं. ते चपला काढून आत आले, खोलीच्या उंबऱ्याशी थांबले आणि जमिनीवर घोंगड्यात पडलेल्या शालूबाईला बघून त्यांनी मान खाली घातली. वैनी, बरं हाय का, असं काहीतरी पुटपुटले. शालूबाईनं डाव्या हातानं पदर सारखा केला.

"बसा," ती म्हणाली. "च्या घ्या." आणि मनुबाईकडं बघून नेहमीच्या हुकमी नजरेनं, "साखर बेताची टाक."

मनुबाईच्या डोक्यात तिडीक गेली. तरी तिनं चहा ठेवला. साखर मात्र सढळ हातानं टाकली.

हरिबानं आणि दोघा पाहुण्यांनी गादी खाली ओढून काढली. तिच्यामागनं आप्पासो उतरले, धोतर चुन्यानं माखलेलं, चेहरा लाल. पाहुण्यांपुढं हसले, आमच्या घरचा हा गोंधळ म्हणाले. कुणी हसलं नाही. गादी होती तिथं खिडकीखाली परत गेली. बैठक माडीवर झाली. सगळे भिंतीला हात लावत, एकामागनं एक वर गेले आणि बसले. लालासाहेबही गेले, मधल्या वळणाशी थोडं थांबून.

आप्पासो चेअरमन झाले. मतं देणाऱ्यांनी घरातल्या गादीचा विचार करून मतं दिली नाहीत. मनुबाईला त्याचाही राग आला, पण तो कुणावर काढणार?

पुढचं वर्ष तिला वाईट गेलं. आप्पासोंनी तिची चूल वेगळी काढली, मागच्या पडवीत. दुभत्या म्हशींतली एकही तिच्या वाट्याला आली नाही. आणि जोतिबा रजेवर आला तेव्हा भावानं त्याला वेशीपासूनच सगळं सांगितलं असावं, कारण तो ट्रंक खाली ठेवायच्या आत म्हणाला की, घराची अब्रू घालवलीस, जा आणि पाया पड. तिनं नाही म्हटलं. त्यानं हात उगारला. तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं, आणि हात तसाच खाली आला. मग सगळी रजा तो तिच्याशी बोलला नाही. परत जायच्या आदल्या संध्याकाळी थोरल्या वहिनीला भेटायला म्हणून खोलीत गेला आणि बराच वेळ आत बसला. आत काय बोलणं झालं ते मनुबाईला कधी कळलं नाही. बाहेर आल्यावर तिच्या चुलीपुढं येऊन बसला आणि म्हणाला, "भाकरी हाय का?" तिनं वाढली. तिचा राग काही त्या भाकरीनं गेला नाही; जोतिबा निवृत्त होऊन घरी आला तरी अधूनमधून त्या उगारलेल्या हाताची आठवण ती त्याला करून द्यायची, आणि तो मान खाली घालायचा.

शालूबाईसाठी आप्पासोंनी रंगुबाई नावाची एक पगारी बाई ठेवली. शालूबाई तिच्या हातचं खाईना. तोंड मिटून पडायची आणि रंगुबाई गेली की तांब्या वाजवायला लागायची. पडवीत ऐकू यायचा. मनुबाई मनातल्या मनात तिला शिव्या घालत उठायची आणि ताट घेऊन जायची. पेज पाणचट असल्याची तक्रार तिथंही चालूच राहिली. कधी दुपारी रंगुबाईच्या मदतीनं ती शालूबाईला उचलून ओट्यावर आणून टेकवायची. उसाच्या गाड्या जायच्या, आणि शालूबाई प्रत्येक गाडीवानाला बैल नीट हाकायचं शिकवायची. तिचं बोलणं त्यांना कळायचं नाही, तरी ते हात करून हसायचे. आभार म्हणून एक शब्द तिनं मनुबाईला कधी दिला नाही, आणि मनुबाईनंही तो मागितला नाही.

दोन वर्षांनी पावसाळ्याच्या तोंडाशी शालूबाई गेली, त्याच खिडकीखाली. तेराव्याला पंगती बसल्या. मिरजेचे व्याही आप्पासोंच्या शेजारी बसले होते. जेवता जेवता ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की, एवढा मोठा माणूस, चेअरमन, पण आजारी बायकोला त्यानं तळहाताच्या फोडासारखं जपलं. असा नवरा शोधून सापडायचा नाही. आप्पासोंनी मान खाली घालून घास घेतला. चार माणसांनी होकार भरला.

मनुबाई आमटीचं भांडं घेऊन त्याच ओळीतनं वाढत येत होती. ती व्याह्यांच्या ताटासमोर थांबली.

"त्येनी न्हाई केलं," ती म्हणाली. "म्या केलं."

तिनं त्यांच्या वाटीत आमटी घातली आणि ती पुढच्या पानाकडं सरकली.